पहिला परदेश कोणता?

मराठी घरात पहिल्या परदेश प्रवासाचा विषय बहुधा एखाद्या निमित्ताने निघतो. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, मुलीला नोकरी लागली, निवृत्तीचे पैसे हातात आले किंवा दहावी-बारावी एकदाची पार पडली. पैशांची जुळवाजुळव होते, रजा टाकली जाते आणि मग प्रश्न येतो, जायचे कुठे? पुष्कळदा उत्तर शेजाऱ्यांच्या फोटोंवरून, सिनेमातल्या गाण्यावरून नाहीतर स्वस्त तिकिटाच्या जाहिरातीवरून ठरते. त्यातून कधी छान प्रवास घडतो. कधी मात्र आठवड्यात पाच शहरे पाहून थकलेली माणसे घरी येतात आणि पासपोर्ट पुन्हा कपाटाबाहेर निघत नाही.

या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच, की पहिला देश निवडताना तो किती सुंदर आहे हे नंतर पाहावे. तिथे एका वेळी किती नव्या गोष्टी निभवाव्या लागतील, हे आधी मोजावे. इमिग्रेशनची रांग, परके चलन, न वाचता येणारी लिपी, अनोळखी जेवण, रस्त्याची उलटी बाजू, बदललेली झोप. यांतल्या दोन-तीनच नव्या असल्या तर प्रवासाला रंगत येते. सगळ्या एकदम अंगावर आल्या की समोरचे पाहायला मन मोकळेच राहत नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तसा पहिल्या प्रवासाला ओळखीच्या काही गोष्टींचा आधार हवा. आपल्या अवतीभवती असा आधार देणारे देश पुष्कळ आहेत आणि ते सोपे आहेत म्हणून दुय्यम मुळीच नाहीत.

कागदपत्रे: सोपे कुठे, अवघड कुठे

सुरुवात पासपोर्टपासून करू. बहुतेक देशांना तुम्ही तिथे पोहोचाल त्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट लागतो. मुदत चार महिनेच उरली असेल तर विमान कंपनी काउंटरवरच थांबवते. पासपोर्टमध्ये एक-दोन कोरी पानेही हवीत.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते आणि पासपोर्टवर ते बहुधा स्वतःच्या नावाला जोडून, आडनावाच्या आधी छापलेले असते. तिकीट काढताना कुणी ते गाळतो, कुणी आडनावाच्या जागी टाकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे पासपोर्टवर माहेरचे आणि तिकिटावर सासरचे नाव असे तर सर्रास होते. पासपोर्ट उघडा समोर ठेवून, त्यावरचे प्रत्येक अक्षर पाहूनच तिकीट आणि व्हिसाचा अर्ज भरावा. दहा मिनिटांच्या या कामाने विमानतळावरची मोठी धावपळ टळते.

आता देश. नेपाळ आणि भूतान या दोन देशांत भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालते. पण काठमांडूला विमानाने जाताना पंधरा ते पासष्ट वर्षे वयाच्या प्रवाशाला आधार कार्ड चालत नाही. घरात सर्वांत हाताशी असलेले ओळखपत्र तेच, त्यामुळे नेमकी इथेच चूक होते.

त्यानंतर थायलंड, मलेशिया आणि मॉरिशस. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट शिथिल केली, मॉरिशस त्याआधीपासूनच सोपे होते. श्रीलंकेची परवानगी ऑनलाइन घेता येते. व्हिएतनामचा ई-व्हिसाही घरबसल्या मिळतो. इंडोनेशियातल्या बालीला उतरल्यावर शुल्क भरून व्हिसा घेता येतो. सिंगापूर आणि दुबईचा व्हिसा आधी काढावा लागतो, पण ट्रॅव्हल एजंटमार्फत ते काम सहसा सुरळीत होते. युरोपच्या शेंगेन व्हिसाला बोटांचे ठसे, बँकेचे स्टेटमेंट, नोकरीचे पत्र, हॉटेलांची नोंदणी आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अमेरिकेच्या व्हिसाला त्याहून जास्त तयारी आणि वाट पाहण्याची सवड हवी.

हे नियम बदलत राहतात. थायलंडने व्हिसा सवलतीच्या मुदतीत त्यानंतर बदल केला आणि १ मे २०२५ पासून आगमनापूर्वी ऑनलाइन भरायचे डिजिटल कार्ड आणले. म्हणून मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात, असे दोनदा त्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. थायलंडचे हे कार्ड आणि सिंगापूरचे आगमन कार्ड दोन्ही विनामूल्य आहेत. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नसते, मग ते कितीही सरकारी दिसो.

अंतर आणि घड्याळ

मुंबईहून कोलंबो किंवा काठमांडू अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे, दुबई तीनेक तास, बँकॉक चार-साडेचार, सिंगापूर साडेपाचच्या आसपास आणि मॉरिशस सहा तासांहून थोडे जास्त. पहिल्यांदाच बसणाऱ्या ज्येष्ठांना सलग सहा तास बरे जातात. त्यापुढे पायांना सूज, पाठदुखी आणि मधल्या विमानतळावर विमान बदलण्याची धास्ती सुरू होते. पहिल्या प्रवासाला शक्यतो थेट विमान घ्यावे. दोन-चार हजार वाचवण्यासाठी मध्यरात्री परक्या विमानतळावर सात तास बसणे महागात पडते.

घड्याळही पाहावे. श्रीलंकेची वेळ आपलीच आहे. नेपाळ पंधरा मिनिटे आणि भूतान अर्धा तास पुढे आहे. थायलंड-व्हिएतनाम दीड तास पुढे, सिंगापूर-बाली अडीच तास पुढे, दुबई आणि मॉरिशस दीड तास मागे. दीड तासाचा फरक शरीराला जाणवतही नाही. न्यूयॉर्कचा साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक मात्र पहिले तीन-चार दिवस खातो, आणि सात दिवसांच्या सहलीत ते परवडत नाही.

आपल्यासारखी डाव्या बाजूची वाहतूक नेपाळ, भूतान, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया आणि मॉरिशस या देशांत आहे. दुबई आणि व्हिएतनाममध्ये गाड्या उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडून येते. मुले बरोबर असतील तर हे पहिल्याच दिवशी त्यांच्या कानावर घालावे.

पैसा

हिशेबाला सर्वांत सोपे भूतान, कारण तिथला एक न्गुल्ट्रम म्हणजे एक रुपया. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. व्हिएतनाममध्ये मात्र शून्यांचा गोंधळ उडतो. तिथे साध्या जेवणाचे बिल हजारांच्या पटीत येते आणि २०,००० व ५ लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असल्यामुळे घाईत एकीऐवजी दुसरी दिली जाते. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या की हा प्रश्न सुटतो.

आपली डेबिट-क्रेडिट कार्डे बँका देतात तेव्हा ती फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२० पासून आहे. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार सुरू करावे लागतात आणि मर्यादाही तिथेच ठरवता येते. ओटीपी यावा म्हणून भारतीय सिमचे रोमिंग चालू ठेवावे. परदेशातल्या दुकानात किंवा एटीएमवर ‘रुपयांत आकारू का स्थानिक चलनात?’ असे यंत्र विचारते. रुपये ओळखीचे म्हणून आपण पटकन तेच निवडतो, पण तेव्हा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग असतो. स्थानिक चलन निवडावे.

यूपीआय भूतान, नेपाळ, सिंगापूर, अमिराती, श्रीलंका आणि मॉरिशस इथे काही ठिकाणी चालते, पण सगळीकडे चालेल असे धरून जाऊ नये. थोडी रोख, एक फॉरेक्स कार्ड आणि वेगळ्या पिशवीत एक जादा कार्ड, अशी विभागणी पुरते.

खर्च मोजताना तिकीट-हॉटेलच्या पलीकडे पाहावे. भूतानमध्ये भारतीय प्रौढ पर्यटकाला दर रात्रीसाठी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. चौघांच्या पाच रात्रींचे ते २४,००० होतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस हा कर आधीच वसूल केला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण निघताना तेवढी रक्कम हाताशी लागते. दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत, तेव्हा एजंटला चालू दर विचारावा.

पानात काय पडेल

परदेशात उपाशी राहण्याची भीती शाकाहारी घरांत खरी असते आणि तिची चेष्टा करू नये. मात्र तिला उपाय आहेत. नेपाळमध्ये डाळ-भात-भाजी हे रोजचे जेवण आहे. भूतानचे ‘एमा दात्शी’ म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या, अस्सल शाकाहारी आणि तिखटाच्या शौकिनाला आवडेल असे. मॉरिशसमध्ये डाळीचे सारण भरलेली ‘धोल पुरी’ रस्त्यावर मिळते. सिंगापूरच्या सेरंगून रोडवर इडली-डोशापासून गुजराती थाळीपर्यंत सारे आहे.

सावध राहायचे ते लपलेल्या माशापासून. श्रीलंकेत पोल संबोल ही ओल्या नारळाची चटणी आपल्याला घरची वाटते, पण तिच्यात अनेकदा सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. थायलंडमध्ये ‘मांस नको’ सांगितले तरी भाजीत माशापासून बनवलेला ‘नाम प्ला’ पडू शकतो. तिथल्या स्वयंपाक्याच्या लेखी ते मीठच आहे, फसवणूक नव्हे. त्यावर तिथलाच तोडगा म्हणजे ‘जे’. बौद्ध व्रताच्या परंपरेतला हा आहार. त्याच्या दुकानावर पिवळ्या रंगाची छोटी पताका आणि तिच्यावर लाल अक्षर असते. मांस, मासे, अंडे, नाम प्ला यांच्याबरोबर लसूण आणि कांद्याची जातकुळीही या जेवणात वर्ज्य असते. जैन मित्रांनी बटाटा-गाजराचे तेवढे वेगळे सांगावे. व्हिएतनाममध्ये याच अर्थाने ‘चाय’ अशी पाटी शोधावी. फोनमध्ये त्या पाटीचा फोटो ठेवला की भाषेचे काम संपले.

सुट्टी आपली, ऋतू त्यांचा

आपल्या मोठ्या सुट्ट्या दोन, मे महिना आणि दिवाळी. देश निवडताना या दोन खिडक्यांतून तिथले हवामान कसे दिसते ते पाहावे.

मे महिन्यात दुबईत पारा चाळिशी ओलांडतो. श्रीलंकेच्या नैर्ऋत्येला, म्हणजे कोलंबो-गॉलच्या बाजूला, मान्सून याच सुमारास पोहोचतो, त्रिंकोमालीचा पूर्व किनारा मात्र तेव्हा चांगला असतो. थायलंडमध्ये उकाडा आणि पहिल्या सरी. बालीत कोरडा हंगाम सुरू झालेला असतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे हिवाळ्याकडे वाटचाल सुरू असते आणि हवा सुखद असते. तेव्हा मे महिन्यात बाली किंवा मॉरिशस हे उत्तम.

दिवाळीच्या सुमारास नेपाळचे आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि हिमशिखरे दिसू लागतात. त्या आधीच्या दसऱ्याला, तिथल्या दशैंला, पुष्कळ दुकाने बंद असतात आणि लोक गावी गेलेले असतात. नोव्हेंबरपासून थायलंड आणि दुबईचा चांगला काळ सुरू होतो. मध्य व्हिएतनाममध्ये, दा नांग-होई आनच्या पट्ट्यात, याच काळात जोरदार पाऊस आणि पूर येतात.

सणांचे दिवसही पाहावेत. बालीतले हिंदू शक संवत्सर पाळतात आणि त्यांच्या नववर्षाला, साधारण मार्चमध्ये, ‘न्येपी’ असतो. त्या दिवशी संपूर्ण बेट मौन पाळते, रस्ते रिकामे असतात आणि विमानतळही चोवीस तास बंद राहतो. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. हे आधी माहीत असेल तर असा दिवसच प्रवासातला सर्वांत मोलाचा होऊ शकतो.

बॅगेतले अनारसे

परदेशी असलेल्या लेकीला किंवा भावाला फराळ नेण्याची आपली हौस मोठी. दिवाळीत दुबईला जाणाऱ्या बॅगेत लाडू-चिवडा जरूर जावा, पण अनारसे नकोत. अनारशावर असते ती खसखस, आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. ती अफूच्या झाडाची बी असल्यामुळे तिथले कायदे तिला अमली पदार्थांच्या यादीत धरतात आणि ‘आमच्याकडे ती किराणा दुकानात मिळते’ हे सांगणे उपयोगाचे नसते. मसाल्याच्या डब्यातली खसखसही घरीच ठेवावी. सिंगापूरलाही ती नेऊ नये.

तंबाखू आणि गुटखा हा दुसरा विषय. सिंगापूरमध्ये चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, च्युइंगम नेण्यावरही आहे. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बेकायदा आहे. औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा झोपेच्या गोळ्या यांवर आखाती देशांत कडक नियंत्रण आहे, ती न्यायची असतील तर परवानगीची चौकशी आधी करावी.

मंदिरांचे शिष्टाचार आपल्याला अवघड नाहीत. बँकॉकच्या राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे अपमान समजतात. थायलंडमध्ये राजघराण्याबद्दल थट्टेनेही बोलू नये, कायदा कठोर आहे.

कोणासाठी कोणता देश

घरातून कोण कोण निघणार, यावर देश ठरतो. त्यातही ज्याला प्रवास सर्वांत जड जाईल, त्याच्यापासून सुरुवात करावी. आजीचे गुडघे आणि पाच वर्षांच्या नातवाची झोप सांभाळणारा देश बाकीच्यांना आपोआप सोपा जातो.

विमानाचीच भीती असलेल्या, इंग्रजी न बोलणाऱ्या आई-वडिलांसाठी नेपाळ. पाट्या देवनागरीत, हिंदी बहुतेकांना समजते. काठमांडूच्या खोऱ्यातली पाटण आणि भक्तपूर ही जुनी नगरे युनेस्कोच्या यादीत १९७९ पासून आहेत. लाकडी कोरीवकामाच्या खिडक्या, विटांचे चौक, त्यांतली रोजची पूजा आणि बाजार, सारे एकत्र नांदते. २०१५ च्या भूकंपात त्यांतल्या कित्येक वास्तू पडल्या आणि खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या कारागिरांनी त्या जुन्या पद्धतीने पुन्हा उभ्या केल्या. मुक्तिनाथला जायचे असेल तर ते साडेतीन हजार मीटरहून उंच आहे, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे. पहिल्या खेपेला पशुपतिनाथ, खोरे आणि पोखरा पुरे.

तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी श्रीलंका. वेळ आपली, अंतर कमी, गाडी-चालक घेऊन सावकाश फिरता येते. सिगिरियाचा खडक हजाराहून अधिक पायऱ्यांचा आहे. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वाटेत कड्यावर काढलेल्या स्त्रियांची चित्रे पाहिली की अजिंठा पाहिलेल्या माणसाला ओळखीची खूण पटते. ज्यांना चढवत नाही त्यांनी खालच्या जलउद्यानात बसावे, तेही तितकेच जुने आहे.

लहान मुले बरोबर असतील आणि खर्चाची तयारी असेल तर सिंगापूर. नळाचे पाणी पिता येते, मेट्रोच्या दारावर बँकेचे कार्डच टेकवून आत जाता येते, पाट्या इंग्रजीत आहेत. हॉटेले महाग, पण तिथली ‘हॉकर सेंटर’ नावाची सार्वजनिक खाद्यगृहे स्वस्त आणि स्वच्छ आहेत. या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये वारशाचा दर्जा दिला.

मुलांचे किंवा स्वतःचे पाय जरा मोकळे असतील, स्वतःच्या बळावर फिरून पाहायचे असेल, तर बँकॉक. इथली पहिली संध्याकाळ नीट पाहू. सुवर्णभूमी विमानतळावर इमिग्रेशन झाले, बॅग घेतली, की सरकत्या जिन्याने तळमजल्याखाली जायचे. तिथून शहरात जाणारी रेल्वे सुटते. तिकीट-यंत्रावर इंग्रजी निवडून ‘फाया थाय’ स्थानक दाबायचे, यंत्रातून प्लॅस्टिकचे नाणे पडते, ते दारावर टेकवायचे. अर्ध्या तासात शहर. तिथेच वर बीटीएस ही उन्नत रेल्वे मिळते आणि तिच्या स्थानकाजवळ हॉटेल असेल तर टॅक्सीशी घासाघीस करावीच लागत नाही. सामान जास्त असेल तर विमानतळाच्या अधिकृत रांगेतून मीटरची टॅक्सी घ्यावी, मीटरशिवाय विमानतळाचा ठरावीक आकार आणि टोल द्यावा लागतो. हॉटेलात सामान टाकून कोपऱ्यावर नारळपाणी प्यायलात की लिपी न वाचता आपले निभले, याचा विश्वास आलेला असतो. पहिल्या प्रवासातून मिळवायचा तो हाच विश्वास. दुसऱ्या दिवशी राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती फिरा. ओसरीच्या भिंतीवर रामायणातले प्रसंग ओळीने रंगवलेले आहेत, आणि आपल्या मुलांना ती गोष्ट आधीच ठाऊक असते.

निवांत समुद्र हवा असेल तर मॉरिशस. इथे आपल्याला एक वेगळेच नाते सापडते. १८३४ पासून ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. मजूर ज्या धक्क्यावर उतरत तो पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. त्यांच्या वंशजांची घरची बोली आता क्रिओल असली तरी मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्या सुमारास गेलात तर समुद्रात विसर्जनाला चाललेल्या मिरवणुका दिसतील.

भूतान डोंगर आणि शांतता आवडणाऱ्यांसाठी. पारोच्या कड्यावरचा ताक्तसांग मठ चढायला काही तास आणि दमसास दोन्ही लागतात. दुबई चार दिवसांत, थंडीत, नातेवाइकांकडे उतरून पाहावी. बाली आणि व्हिएतनाम तरुण जोडप्यांनी बिनधास्त निवडावेत, फक्त भाड्याच्या स्कूटरचा मोह टाळावा. योग्य परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

युरोपचेच स्वप्न असेल तर

कुणाचे आयुष्यभराचे स्वप्न आल्प्स किंवा पॅरिस असेल, तर त्याला आधी काठमांडूला जा असे सांगणे बरोबर नाही. साठीनंतर एकच मोठा प्रवास जमणार असेल तर तोच करावा. पण आखणी वेगळी हवी. शेंगेन क्षेत्रात २९ देश एका व्हिसावर पाहता येतात, म्हणून दहा दिवसांत सहा देश कोंबण्याचा मोह होतो. त्यातला निम्मा वेळ बसमध्ये आणि बॅगा भरण्यात जातो. एक किंवा फार तर दोन देश घ्यावेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या हंगामासाठी शक्य तितका लवकर करावा. मराठी टूर मॅनेजर बरोबर असलेली समूह सहल अशा वेळी खरोखर मोलाची ठरते, कारण जेवण, भाषा आणि वाहतूक ही तीन ओझी ती उचलते. सहल निवडताना किती ठिकाणे ‘दाखवणार’ यापेक्षा प्रत्येक ठिकाणी किती तास थांबणार, कोणते स्थळ आतून पाहायचे आणि कोणते बसमधून, हे लेखी विचारावे.

तरुणांना आणि चाळिशीतल्यांना मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते की जवळच्या देशापासून सुरुवात करा. बाहेर जाऊन मुदतीत परतल्याची नोंद पासपोर्टवर असणे पुढच्या व्हिसा अर्जाला उपयोगी पडते. शिवाय तीन तासांच्या विमानात, परक्या रेल्वेत आणि परक्या दुकानात आपल्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे कमी खर्चात कळते.

निर्णय कसा घ्यावा

देश ठरला की त्यात एक किंवा दोनच गावे निवडा आणि प्रत्येक गावी किमान तीन रात्री राहा. पहिला दिवस मोकळा ठेवा. परतीच्या आदल्या रात्री विमानतळाच्या गावी या. वैद्यकीय विमा काढा, कारण परदेशातली एक साधी पायमोडही सगळ्या सहलीच्या खर्चापेक्षा महाग पडू शकते. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि तिकिटाच्या प्रती घरी एका माणसाकडे ठेवा.

मग दोन-तीन देश समोर घ्या आणि प्रत्येकाला सहा प्रश्न विचारा. कागद किती? विमानात किती तास? पैसे कसे चालतात? आपले जेवण मिळते का? आपल्या सुट्टीत तिथे हवा कशी? आणि बरोबरच्या सर्वांत थकणाऱ्या माणसाला हे झेपेल का? ज्या देशाची चार-पाच उत्तरे सोपी येतात आणि एक-दोन ठिकाणी नवे काही शिकावे लागते, तो तुमचा पहिला देश. सहाही उत्तरे सोपी आली तर थोडा पुढचा देश निवडायला हरकत नाही. चार उत्तरे अवघड आली तर तो देश यादीत राहू द्या, दोन प्रवासांनंतर तोच तुम्हाला सोपा वाटेल.